बाकला: परसबागेत केव्हा लावावा, गुरांना कसा घालावा

प्रश्न असा आहे: "आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. गेल्या वर्षी अलॉटमेंटवर (भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या तुकड्यावर) एप्रिलच्या शेवटी ब्रॉड बीन, म्हणजे आपला बाकला, लावले. झाडं जोमात वाढली, पण जूनमध्ये शेंडे काळ्या माव्याने भरले आणि शेंगा फारच थोड्या धरल्या. लावायचे केव्हा आणि माव्याचं काय करायचं? जुन्नर तालुक्यात माझ्या भावाकडे चार संकरित गाई आहेत. हेच पीक त्याने चाऱ्यासाठी दहा गुंठ्यांवर घेतलं तर परवडेल का? इथून बी पाठवलं तर चालेल का? आणि माझा पाच वर्षांचा मुलगा शेंगा सोलून कोवळे दाणे कच्चेच खातो, ते बरोबर आहे का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे प्रश्न हंगामापर्यंत थांबू शकतात, हा थांबू शकत नाही. मुलाची जी-६-पीडी ही रक्ततपासणी झाली आहे का? झाली नसेल तर ती होऊन अहवाल हातात येईपर्यंत त्याला बाकला देऊ नका, कच्चाही नाही आणि शिजवलेलाही नाही. बाकल्याच्या दाण्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन नावाची दोन द्रव्यं असतात. ज्यांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-६-पीडी हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांच्या पेशी या द्रव्यांमुळे फुटू लागतात. खाल्ल्यावर साधारण एक-दोन दिवसांत मूल फिकट पडतं, डोळे पिवळे दिसतात, लघवी काळ्या चहासारखी होते. असं काही दिसलं तर घरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं आणि 'बाकला खाल्ला होता' हे तिथे आवर्जून सांगायचं. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण जास्त आढळलेलं आहे, पण इतर कुणात नसतोच असं नाही. आजवर खाऊन काही झालं नाही, यावरही विसंबू नका. हाच दोष असलेल्या माणसाला एकदा त्रास होत नाही आणि पुढच्या वेळी होतो, असं घडतं. कोवळ्या ताज्या दाण्यात ही द्रव्यं सर्वांत जास्त असतात आणि शिजवल्याने ती पूर्ण जात नाहीत. अहवाल चांगला आला तर मुलगा बिनधास्त खाऊ दे. प्रथिनं भरपूर आहेत आणि मुलांना आवडणारी गोडीही आहे. घरात कुणी पार्किन्सनची औषधं घेत असेल तर त्यांनीही डॉक्टरांना विचारूनच खावा, कारण बाकल्यात लेव्होडोपा नैसर्गिकरीत्याच असतं.

आता बाग. या पिकाचं निम्म्याहून अधिक काम पेरणीची तारीख करते, असं माझं ठाम मत आहे. खत, फवारणी, आधार हे सगळं त्यानंतर. बाकला मुळातला भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम आशियाच्या पट्ट्यातला. तिथे तो पावसाळी हिवाळ्यात वाढतो आणि कडक उन्हाळा लागायच्या आत दाणे भरून मोकळा होतो. माती पाच अंशांवर असली तरी बी उगवतं. वाढीला अठरा ते बावीस अंश सगळ्यांत मानवतात. पारा सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर टिकून राहिला की फुलं गळायला लागतात. म्हणजे फुलोरा थंडाव्यात यायला हवा. लेस्टर असो की जुन्नर, हिशोब इथूनच मांडायचा.

तुमच्याकडे एप्रिलच्या शेवटी टाकलेलं बी जूनमध्ये कोवळं आणि रसरशीत होतं, आणि काळा मावा नेमका त्याच सुमारास उडून येतो. हा मावा हिवाळा स्पिंडल नावाच्या कुंपणाच्या झुडपावर अंड्यांच्या रूपात काढतो. मे-जूनमध्ये त्याची पंखवाली पिढी तयार होते आणि बाकल्याचा कोवळा शेंडा शोधत निघते. झाड तेव्हा निबर झालेलं असेल, खालच्या शेंगा धरलेल्या असतील, तर माव्याला बसायला फारशी जागाच उरत नाही. म्हणून मी तुम्हाला हिवाळ्याआधीची पेरणी सुचवतो: ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य. याहून आधी टाकलं तर थंडीपूर्वीच रोप उंच होतं आणि वाऱ्याने मोडतं. हिवाळ्यात शिरताना रोप बोटभर उंच असलं की पुरे. या पेरणीला जात मात्र काटक हवी. 'अ‍ॅक्वाडल्स क्लॉडिया' ही त्यासाठी जुनी आणि खात्रीची जात आहे. तिचं पीक मेअखेर ते जूनमध्ये हाताशी येतं.

नोव्हेंबर हुकला, किंवा तुमची जमीन चिकण आहे आणि हिवाळाभर पाणी साचतं, तर फेब्रुवारीअखेर ते मार्च ही दुसरी संधी. त्यासाठी 'मास्टरपीस ग्रीन लाँगपॉड', 'बन्यार्ड्स एक्झिबिशन' यांसारख्या जाती आहेत. वारा फार लागत असेल तर 'द सटन' ही बुटकी जात घ्या. मातीत हात घालवत नसेल इतकी थंडी असेल तर घरातल्या खिडकीत कागदी नळ्यांत रोपं करून मार्चमध्ये लावता येतात. मुळं लवकर खोल जातात, म्हणून नळी उंच हवी. एप्रिलनंतरची पेरणी मी कुणालाच सुचवत नाही.

बी दोन इंच खोल टोचायचं. दोन बियांत वीतभर अंतर आणि तेवढ्याच अंतरावर दुसरी ओळ, अशी जोडओळ करायची. दोन जोडओळींत दोन फूट मोकळं ठेवायचं, म्हणजे माणूस आत शिरतो आणि वाराही खेळतो. ही मोकळी जागा वाया जाते असं वाटून लोक मध्ये आणखी एक ओळ घालतात आणि मग पानांवर तपकिरी-चॉकलेटी डाग पडले की विचारायला येतात. तो बुरशीचा रोग आहे, इंग्लंडच्या ओल्या हवेत दाट पिकावर हमखास येतो. जोर केला तर पान काळं पडून फुलंही जातात. त्याला घरगुती फवारा चालत नाही. अंतर, निचरा आणि पोटॅशची कमतरता नसणं हेच उपाय. मातीचा सामू (पीएच) साडेसहा ते साडेसात असावा. पावसाने माती आंबट झाली असेल तर पेरणीच्या महिनाभर आधी चुना टाका. नत्राचं खत मात्र अजिबात देऊ नका. झाड पालेदार आणि मऊ होतं, आणि माव्याला तेच हवं असतं. टोचलेलं बी उंदीर उकरून नेतात, तेव्हा रोप वर येईपर्यंत जमिनीवर बारीक जाळी दाबून ठेवा.

रोप वर आलं की पानांच्या कडांना करवतीसारख्या अर्धगोल खाचा दिसतील. ते एका छोट्या करड्या सोंड्याचं काम. मोठ्या रोपाला त्याने फरक पडत नाही. कोंबातलं रोप असेल आणि खाचा फार असतील तरच वरून कापड घालायचं. दुसरी एक गोष्ट पाहून लोक घाबरतात. पानाच्या देठाच्या बुडाशी, जिथे दोन छोटी पानं खोडाला बिलगलेली असतात, तिथे जांभळट-काळा ठिपका असतो आणि त्यावर मुंग्या फिरतात. तो रोग नव्हे. ती मधाची ग्रंथी आहे. फुलाबाहेरही बाकला असा गोड रस सोडतो आणि त्यावर मुंग्या, गांधीलमाश्या, परोपजीवी माश्या येतात. मुंग्या तिथेच असतील तर काळजी नाही. शेंड्याकडे रांग लागली असेल तर तिथे मावा आहे, असं समजा.

माव्यावरचा पहिला उपाय हातांनी करायचा आहे. खालच्या गुच्छांत पहिल्या शेंगा करंगळीच्या टोकाएवढ्या दिसल्या की प्रत्येक झाडाचा शेंडा तीन-चार इंच खुडून टाका. यात दोन कामं होतात: माव्याची आवडती जागा जाते आणि झाडाचा जोर शेंगांकडे वळतो. मावा आधीच आला असेल तर तो भाग खुडून पाण्याच्या बादलीत बुडवा, उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. अगदीच वाढला तर साबणाचं पाणी संध्याकाळी मारायचं. फुलोऱ्यात असलेल्या पिकावर रासायनिक कीटकनाशक मारू नका, कारण शेंगा धरण्याचं काम मोठ्या प्रमाणात भुंग्यांच्या हातात असतं. बाकल्याचं फूल पांढरं, पंखावर काळा डाग, आणि नळी लांब. लांब जिभेचा भुंगा समोरून आत शिरतो तेव्हा परागीभवन होतं. आखूड जिभेचा भुंगा मात्र फुलाच्या बुडाला भोक पाडून मध चोरतो. एखादं फूल हातात घेऊन देठाजवळ पाहा, तपकिरी कडेचं बारीक भोक दिसेल. त्याच भोकातून मग मधमाश्याही मध नेतात. म्हणून बाग भुंग्यांनी गजबजलेली असूनही कधीकधी शेंगा कमी धरतात. यावर करण्यासारखं एकच आहे. जवळपास इतर फुलझाडं ठेवायची, म्हणजे लांब जिभेचे भुंगे वस्तीला राहतात.

खुडलेले शेंडे मावा नसेल तर टाकू नका. लसूण, हिरवी मिरची आणि चिमूटभर हळद घालून त्यांची भाजी परता. पालकापेक्षा दाट, किंचित शेंगेची चव असलेली भाजी होते. शेंगा दोन-तीन इंचांच्या असताना अख्ख्या चिरूनही करता येतात. दाणे काढायचे तर दाण्याची पाठ पाहायची. दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो ती बारीक रेघ हिरवी किंवा पांढरी आहे तोवर दाणा कोवळा. ती रेघ काळी पडली की साल चिवट झाली. मग दाणे दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकायचे, लगेच गार पाण्यात काढायचे, नखाने साल फाडून दाबलं की आतली हिरवी डाळिंबी निसटून बाहेर येते. कडव्या वालाचं बिरडं करणाऱ्या घरात हे शिकवावं लागत नाही. ओलं खोबरं, जिरं, लसूण, आमसूल आणि थोडा गूळ घालून हुबेहूब डाळिंब्यांच्या उसळीसारखं करा. परदेशात वाल मिळत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या कितीतरी घरांना हा दाणा उपयोगी पडेल. वालाचा कडवटपणा त्याला नाही, पण पोत अगदी जवळचा आहे.

झाड उपटू नका. शेंगा संपल्या की जमिनीलगत कापा आणि मुळं मातीतच राहू द्या. कापण्यापूर्वी, फुलोऱ्याच्या सुमारास, एखादं झाड मुद्दाम हलक्या हाताने खणून पाहा. मुळांवर बारीक गाठी असतील. एक गाठ नखाने फोडा: आत गुलाबी-लालसर दिसली तर जिवाणू नत्र बांधत आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर त्या कामाला लागलेल्या नाहीत किंवा संपलेल्या आहेत. चांगलं पीक हेक्टरी शंभर ते दोनशे किलो नत्र हवेतून बांधू शकतं. दाणे तोडून नेल्यावर त्यातलं पुष्कळसं बाहेर जातं, हे खरं. तरीही मागे उरतं ते कोबी, केल, फ्लॉवर यांना पुरेसा आधार देतं. त्याच वाफ्यात चार वर्षं पुन्हा बाकला किंवा वाटाणा नको. तुमची अलॉटमेंट पूर्ण मापाची, म्हणजे दहा रॉडची (रॉड हे जुनं इंग्रजी माप) असेल तर ती अडीचशे चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे. चार भाग करून फेरपालट करायला ती पुरते. एखादा भाग हिवाळ्यात रिकामा राहणार असेल तर त्यात बारीक दाण्याचा फील्ड बीन दाट फेकून द्या आणि वसंतात फुलं यायच्या आत गाडा. हिरवळीच्या खताला तो मोठ्या दाण्याच्या जातींहून फार स्वस्त पडतो.

या फील्ड बीनपासून आता चाऱ्याकडे येतो. एकाच प्रजातीच्या या पिकात तीन आकार आहेत: भाजीचा मोठा चपटा दाणा, घोड्यांना घालत तो मध्यम, आणि कबुतरांना घालत तो बारीक गोल. युरोपात गुरांसाठी मधला आणि बारीक दाणा लावतात. ब्रिटनमधला काही बाकला इजिप्तला जातो, कारण तिथे तो रोजच्या न्याहारीचं अन्न आहे. भुंगेऱ्याने भोक पाडलेला किंवा डागी माल माणसांच्या बाजारात चालत नाही आणि गुरांच्या खुराकात जातो. दाण्यात पंचवीस ते तीस टक्के प्रथिनं असतात. म्हणजे भरडा सरकीच्या पेंडीच्या तोडीचा, सोयाबीन किंवा भुईमूग पेंडीच्या मात्र बराच खाली. मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी पडतं. दुभत्या गाईच्या खुराकात पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत भरडा निश्चिंत घालावा. दाणा अख्खा घालू नये, भरडूनच. माणसांना त्रास देणारी ती दोन द्रव्यं रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मोडून जातात, त्यामुळे गाईला धोका नाही. अंड्यांच्या कोंबड्यांना जास्त घातलं तर अंडी लहान होतात. रंगीत फुलांच्या जातींच्या दाण्याच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, अगदी पांढऱ्या, बिनडागी फुलांच्या जातींत ते नसतं. डुकरं-कोंबड्यांसाठी हा फरक मोठा, गाईसाठी किरकोळ.

तुमच्या भावाला माझं स्पष्ट सांगणं असं की दहा गुंठे एकदम लावू नयेत. जुन्नरचं पठार थंड आहे हे खरं, पण डिसेंबर-जानेवारीतही दुपारचं तापमान अठ्ठावीस-तीसपर्यंत जातं. रात्री गार, म्हणून झाड चांगलं वाढतं. दुपारी गरम, म्हणून फुलांचा काही भाग गळतो. दाण्यासाठी हा हवामानाचा पट्टा काठावरचा आहे. चाऱ्यासाठी बरा आहे, कारण तिथे आपल्याला पाला, खोड आणि कोवळ्या शेंगा हव्यात. आणखी एक. बाकला एकदाच कापता येतो. कापल्यावर त्याची फूट लसूणघासासारखी येत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा आर.एल.-८८ हा बहुवार्षिक लसूणघास पाणी असेल तर वर्षाला दहा-बारा कापण्या देतो. ज्याच्याकडे चार गाई आणि बारमाही पाणी आहे त्याने रोजच्या हिरव्या चाऱ्याची जागा लसूणघासाचीच ठेवावी. चवळी, मका आणि संकरित नेपिअरही आपापल्या जागी राहू द्यावेत.

मग बाकल्याची जागा कुठे? रब्बीत ओटबरोबर, मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी. इथे तो खरोखर चांगला आहे आणि आपल्याकडे फारसा कुणी आजमावलेला नाही, म्हणून मला त्यात रस आहे. एकट्या बाकल्याचं वाळवण जमत नाही. खोड चौकोनी, पोकळ आणि पाणीदार, ते सुकायला फार दिवस घेतं. तोवर पानं काळी पडून गळतात आणि हातात काड्या राहतात. एकट्याचा मुरघासही कठीण, कारण प्रथिनं जास्त आणि साखर कमी असली की आंबवण नीट होत नाही, वास येतो. ओटमध्ये साखर असते, बाकल्यात प्रथिनं असतात. दोन्ही मिळून आंबवण चांगलं होतं. शिवाय ओटच्या ताटांचा बाकल्याला आधार मिळतो आणि तो लोळत नाही.

एका गुंठ्यापासून सुरुवात करायला सांगा. भारतीय बारीक दाण्याचं बी हजार दाण्यांना अडीचशे-तीनशे ग्रॅम भरतं. एकट्या पिकाला चौरस मीटरला तीस झाडं धरली तर गुंठ्याला सुमारे नऊशे ग्रॅम बी लागतं. मिश्रणात बाकला सहाशे ग्रॅम आणि ओट त्याच्या नेहमीच्या निम्मा, म्हणजे पाचशे ग्रॅम, पुरे. ओटमध्ये राहुरीची 'फुले हरिता' किंवा जुनी 'केंट' घ्यावी. पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, परतीचा पाऊस उघडून वाफसा आल्यावर. घाई करून चिखलात टोचलं तर बी कुजतं. जमीन भारी असेल तर सरीवरंब्यावर घ्यावं. दोन ओळी बाकला, दोन ओळी ओट, ओळींत एक फूट. शेणखत आणि गुंठ्याला तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट पेरणीपूर्वी. नत्र द्यायचं तर ओटपुरतं, तेही थोडं. पाणी उगवणीला, फुलोऱ्याला आणि शेंगा लागताना चुकवू नये. मधलं एखादं पाणी जमीन पाहून मागेपुढे झालं तर चालतं.

जिवाणूंचं पाहा. बाकल्याच्या गाठी करणारा जिवाणू वाटाणा, मसूर आणि लाखोळी यांचाच. जुन्नर, सासवड भागात ज्या रानात वाटाणा होत आला आहे तिथे तो मातीत असतो. विदर्भात भाताच्या बांध्यांत लाखोळी घेणाऱ्यांच्या रानातही असतो. भावाच्या त्या तुकड्यात कधी वाटाणा झाला नसेल तर वाटाण्याचं रायझोबियम संवर्धक आणून बियाला चोळावं. सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं पाकीट इथे चालत नाही. दुकानदार 'सगळं एकच' म्हणून देतो, ते घेऊ नये.

कोकणात मात्र हा खटाटोप कुणी करू नये. तिथला हिवाळा उबदार आणि जांभ्याची माती आंबट. भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर येणारे कडवे वाल तिथे शेकडो पटींनी शहाणं पीक आहे. शेंगा माणसांना, वेलाचा भुसा गुरांना, आणि वेगळं पाणी नाही. बाकल्याला तिथे आणण्याचं काही कारण मला दिसत नाही.

कापणी जानेवारीच्या शेवटी, शेंगांत दाणा भरायला लागलेला आणि खालची पानं अजून हिरवी असताना. ओटचा दाणा तेव्हा दुधाळ ते चिकाच्या अवस्थेत असतो. सकाळी कापून दुपारपर्यंत रानातच सुकू द्यावं. मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडली की गोळा हळूहळू सुटला पाहिजे. पाणी निथळलं तर अजून सुकवायचं, गोळा लगेच विस्कटला तर उशीर झाला. कुट्टी दोन सेंटिमीटरची, मुरघासाच्या पिशवीत थराथराने तुडवून भरायची, हवा राहू द्यायची नाही. बाकल्याचा वाटा निम्म्याहून जास्त झाला असेल तर शंभर किलोला एक किलो गूळ पाण्यात विरघळवून थरांवर शिंपडावा. दीड महिना पिशवी उघडायची नाही. गाईंना पहिल्या दिवशी दोन-तीन किलोच घालून आठवड्याभरात वाढवत न्यावं. हिरवा घालायचा तर तोही सुकवून आणि कोरड्या कडब्यात मिसळून.

जानेवारीत ढगाळ हवा झाली की तिकडेही शेंड्यावर काळा मावा येतो. चाऱ्याचं पीक आहे, तेव्हा पाच टक्के निंबोळी अर्कापलीकडे जाऊ नये. मावा खाणारे ढालकिडे दिसत असतील तर अर्कही न फवारता दोन-चार दिवस थांबावं. मावा फारच वाढला तर सरळ लवकर कापून घ्यावं. चाऱ्याच्या पिकाला ही मुभा असते, दाण्याच्या पिकाला नसते.

राहिला बियाण्याचा प्रश्न. इंग्लंडहून पाठवू नका, बॅगेत घालून आणूही नका. भारतात बी आणायला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, २००३ च्या संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार. हा नियम कागदी नाही: बाकल्याच्या दाण्यात भुंगेऱ्याची अळी आणि खोडातले सूत्रकृमी लपून येतात, आणि एका पाकिटातून आलेली कीड साऱ्या तालुक्याला पुरते. पण नियम नसता तरी मी नको म्हटलं असतं. ब्रिटिश जाती लांब दिवसाला फुलणाऱ्या आहेत. जुन्नरच्या अकरा-बारा तासांच्या दिवसांत त्या पाला वाढवत बसतात आणि फुलायला लागतात तेव्हा फेब्रुवारीचं ऊन समोर उभं असतं. भारतात बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात बाकला जुना आहे. तिथल्या हवेतून निवडलेल्या जाती आपल्याकडे वेळेत फुलतात. हिसारच्या कृषी विद्यापीठाची 'विक्रांत' आणि पाटण्याच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्राची 'स्वर्ण गौरव' या दोन जातींची भावाने त्या त्या संस्थेकडे पत्र पाठवून चौकशी करावी. पावसाळ्यातच करावी, सप्टेंबरात विचारलं तर बी हातात येईपर्यंत पेरणीची तारीख जाते.

एक गुंठा नीट आला तर पुढच्या वर्षीचं बी त्याने तिथेच धरावं. कडेच्या ओळी सोडून मधली दहा-पंधरा निरोगी झाडं ठेवायची, कारण भुंगे दुसऱ्या जातीचे पराग आणतात आणि एक तृतीयांश किंवा त्याहून अधिकही संकर होऊ शकतो. शेंगा झाडावरच काळ्या होऊन वाळल्या पाहिजेत. दाणा दाताखाली फोडला तर ठिसूळ तुटला पाहिजे. आपल्याकडचा कडधान्याचा भुंगा साठवणीतही पिढ्या वाढवतो, इंग्लंडमधला बाकल्याचा भुंगेरा तसं करत नाही. म्हणून तुम्ही बी कागदी पाकिटात ठेवलंत तरी चालेल, पण भावाने ते कडक उन्हात वाळवून, गार करून, राखेत मिसळून झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यातच ठेवावं.